मैदान किती पाणी पिते?

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी जमते? बरोबर एक लिटर. एवढे ध्यानात ठेवले की दादर-परळला तुंबणाऱ्या पाण्याचा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या बांधताना ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरला होता, आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल असे मानले होते. बाकीचे निम्मे माती पिणार होती! पडलेल्या पाण्याचा जेवढा हिस्सा वाहून जातो, त्याला अपवाह गुणांक म्हणतात. तो तेव्हा 0.5 होता. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने नवी मापे सुचवली: पाऊस ताशी 50 मिलिमीटर, गुणांक 1. म्हणजे माती काहीच पिणार नाही, असे धरून चालायचे. वाहिन्यांवरचा भार चौपट झाला. त्यातली एक दुप्पट पावसाची, दुसरी हरवलेल्या मातीची.

आता दादरचे शिवाजी पार्क घ्या. क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 13 हजार चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर 56 लाख लिटर पाणी पडेल. गुणांक 0.5 धरला तर 28 लाख लिटर मातीत मुरेल. आकडा मोठा वाटतो ना? पण महापालिकेच्या पर्जन्यजल उदंचन केंद्रातला एक पंप सेकंदाला 6000 लिटर पाणी उपसतो. मैदानाचे तासाभराचे काम तो आठ मिनिटांत उरकेल! शिवाय जुलैत भिजून गच्च झालेली माती निम्मे पाणी पिईलच असे नाही, आणि उन्हाळ्यात त्याच मैदानाची लाल धूळ शेजाऱ्यांच्या घरात शिरते. हा खर्चही मांडलाच पाहिजे.

मग पंपच बरे? हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. रे रोडचे ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू झाल्यावरही तेथे पाणी साचत राहिले. पंप कितीही दांडगा असो, पाणी त्याच्यापर्यंत पोचेल तेव्हाच तो ते उपसणार. म्हणून 2021 मध्ये पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्या बांधायला घेतल्या. कोठे? दादरच्या प्रमोद महाजन कलापार्काखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली. सिमेंटच्या टाकीलाही शेवटी मोकळे मैदानच लागले!

मोकळ्या जागेचा हा उपयोग ताळेबंदात सहसा दिसत नाही. तिची किंमत मात्र ठळक दिसते. 1991 च्या नियमानुसार लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे यायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरण्यांच्या आवारात आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. (काही गिरण्यांच्या आवारात पूर्वी चक्क तळी होती!)

तुमच्या शाळेचे पटांगण किती पाणी पिते? दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा मातीत दोन बोटे रोवा, एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ टिपून ठेवा. मे महिन्यात एकदा करा, जुलैत त्याच जागी पुन्हा. मग एकदा फरशीवरही करून पाहा. तेथे डबा रोवता येणार नाही, कडेला ओली माती लिंपावी लागेल.