राष्ट्रपतींच्या टेबलावरचे भिजत घोंगडे

संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक राष्ट्रपतींकडे जाते ते केवळ शोभेच्या सहीसाठी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घटनेच्या १११ व्या कलमात मात्र त्यांना तीन वाटा आहेत: अनुमती द्यावी, ती रोखून धरावी, किंवा धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवावे. परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले, मग त्यात काना-मात्रेचाही बदल नसला, तरी सही करणे भाग असते. कागदावर तरी नकाराधिकार इथेच संपतो. खरी ताकद आहे ती घटनेने न सांगितलेल्या गोष्टीत. विधेयक किती दिवसांत निकाली काढायचे, हे १११ वे कलम सांगत नाही. घटनेच्या मसुद्यात सहा आठवड्यांची मुदत होती. ती काढून ‘शक्य तितक्या लवकर’ अशी मोघम शब्दरचना आली आणि त्या फटीतून आपला सर्वांत प्रभावी नकाराधिकार जन्माला आला.

१९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक हे त्याचे ठळक उदाहरण. लोकांची पत्रे अडवण्याचे आणि उघडण्याचे व्यापक अधिकार त्यातून सरकारला मिळणार होते. पंतप्रधान राजीव गांधींच्या पाठीशी लोकसभेत चारशेहून अधिक खासदार होते, म्हणजे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी विधेयक परत पाठवले असते तर ते जसेच्या तसे पुन्हा त्यांच्यासमोर येऊन पडले असते. त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली तरी विधेयक तिथेच होते. पुढे १९९० मध्ये आर. वेंकटरमण यांनी ते परत पाठवले, तोवर सरकार बदलले होते. अखेर २००२ मध्ये ते मागे घेतले गेले. याउलट अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक रीतसर, आक्षेप नोंदवून परत पाठवले. संसदेने ते बदल न करता पुन्हा मंजूर केले आणि कलामांना सही करावी लागली. उघडपणे बोललेला राष्ट्रपती हरला, गप्प बसलेला जिंकला.

मग मौनच बरे, असे कोणी म्हणेल. टपाल विधेयकापुरते ते खरेही आहे. त्या मौनाने नागरिकांची पत्रे वाचवली. पण झैलसिंग हा अपवाद होता. ७४ व्या कलमानुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे एरवी मौन त्यांचे नसते, सरकारचे असते. राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या राज्यांच्या विधेयकांत हे स्पष्ट दिसते. २०१ व्या कलमाखाली विधानसभेने असे विधेयक पुन्हा मंजूर केले तरी राष्ट्रपतींवर सहीचे बंधन नाही. निवडून आलेल्या विधानसभेचा कायदा दिल्लीत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो, आणि का पडला हे कोणी लेखी सांगितलेच पाहिजे असेही नाही. अमेरिकेत अध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. काँग्रेसचे अधिवेशन चालू असताना ते गप्प राहिले तर सहीविनाच कायदा होतो. नकार द्यायचा तर कारणे लिहून द्यावी लागतात आणि दोन तृतीयांश बहुमताने तो मोडताही येतो. तिथला नकार आपल्यापेक्षा कितीतरी कडक, पण निदान तो कोणी आणि का दिला हे कळते.

आपल्याकडेही अशी मुदत घातली तर घाईत सह्या होतील, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. सहा आठवडे विचाराला पुरेसे आहेत आणि शंका असेल तर परत पाठवण्याची वाट खुलीच आहे. त्याहून वजनदार आक्षेप असा की, मुदत ठरवायची कोणी? एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या अडलेल्या विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना तीन महिन्यांची मर्यादा घातली. नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने मात्र मत दिले की, घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. म्हणजे घटनादुरुस्ती हाच मार्ग उरतो. ती करण्यात केंद्रातल्या कोणत्याही सत्ताधाऱ्याला रस का असावा, हा प्रश्न आहेच. राष्ट्रपतींची अडचण तेवढी येणार नाही: १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीपासून घटनादुरुस्तीच्या विधेयकाला अनुमती देणे त्यांना बंधनकारक आहे.