विश्लेषण : खुनी आधीच ओळखला, म्हणजे डिटेक्टिव्ह सिनेमा फसला का?

चांदूर रेल्वे : रहस्यपट संपला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. पुण्या-मुंबईत ते 'मला तर इंटरव्हललाच कळलं होतं' असं येतं, वऱ्हाडात 'मले तं पयलेच समजलं होतं' असं. बोली बदलली तरी निकाल तोच. खुनी ओळखता आला तर सिनेमा फसला, शेवटपर्यंत ओळखता आला नाही तर सिनेमा भारी.

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात हा निकाल अनेकदा सिनेमाच्या आधी पोचतो. मल्टिप्लेक्ससाठी अमरावती गाठायची तर एका बाजूने सुमारे ३० किलोमीटर. तिकीट, एसटी किंवा पेट्रोल आणि अर्धा दिवस, एवढा खर्च. त्यामुळे निघण्याआधी फोनवर रेटिंग बघणं साहजिक आहे. पण डिटेक्टिव्ह सिनेमाचं रेटिंग नेमकं काय मोजतं? 'ओळखलं की नाही' एवढ्यावर सिनेमा जोखला तर काय निसटतं? मराठीत याचं सर्वात बोलकं उदाहरण आहे 'पुणे ५२'.

'पुणे ५२' मध्ये काय होतं?

निखिल महाजन दिग्दर्शित हा सिनेमा जानेवारी २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. नाव आलं ४११०५२ या कर्वेनगरच्या पिनकोडवरून. काळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेला अमर आपटे हा खासगी डिटेक्टिव्ह. नवरा किंवा बायको कुठे जाते, कोणाला भेटते, यावर पाळत ठेवायची आणि फोटो काढायचे, हा त्याचा धंदा. घरात पैशाची चणचण आणि पत्नी प्राचीशी (सोनाली कुलकर्णी) ताणलेलं नातं. अशात नेहा (सई ताम्हणकर) नवऱ्यावर पाळत ठेवण्याचं काम घेऊन येते आणि अमर त्या प्रकरणात स्वतःच अडकत जातो.

सिनेमावरच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. काहींना अभिनय, छायाचित्रण आणि मराठीत न दिसलेलं अंधारं पुणे आवडलं. काहींची तक्रार होती की सिनेमा संथ आहे आणि शेवटी सगळं नीट उलगडून सांगत नाही.

या तक्रारीमागे एक सवय आहे. मराठी वाचकाला डिटेक्टिव्ह नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार वाचनालयांतून घराघरांत पोचला. पुढे दूरदर्शनवर १९८५ मध्ये 'करमचंद' आणि १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी' आले. या सगळ्यांतला नायक चलाख असतो. गुन्हा घडतो, तो धागेदोरे जोडतो आणि शेवटी खोलीत सगळ्यांसमोर उलगडा करतो. 'पुणे ५२' चा नायक मात्र गुन्हा उलगडण्याऐवजी त्यात बुडत जातो. त्यामुळे अनेकांनी कोडं सुटण्याची वाट पाहिली, आणि सिनेमा सांगत होता एका माणसाच्या घसरणीची गोष्ट.

डिटेक्टिव्ह सिनेमाचे प्रकार किती?

ढोबळ मानाने दोन. पहिला कोड्याचा, म्हणजे 'खुनी कोण' हाच प्रश्न असलेला. अगाथा ख्रिस्तीच्या कथा या जातीच्या. इथे गुन्ह्यामुळे बिघडलेली घडी उलगड्यानंतर पुन्हा बसते.

दुसरा प्रकार नॉयर. इथे गुन्हेगार सापडला तरी घडी बसत नाही. डिटेक्टिव्ह स्वतःच कर्जात, मोहात किंवा खोटेपणात अडकलेला असतो. हॉलिवूडचा 'चायनाटाउन' (१९७४) याचा नमुना मानला जातो. तिथेही सुरुवात नवऱ्यावर पाळत ठेवण्याच्या साध्या कामाने होते. नवदीप सिंग यांच्या 'मनोरमा सिक्स फीट अंडर' (२००७) या हिंदी सिनेमाने तोच धागा राजस्थानात नेला. त्यात अभय देओलने फावल्या वेळात रहस्यकथा लिहिणारा सरकारी इंजिनीअर साकारला.

'पुणे ५२' याच रांगेत बसतो. त्याला 'शेवटी धक्का बसला का?' हा एकच प्रश्न विचारणं म्हणजे कसोटी सामन्याला टी-ट्वेंटीच्या रनरेटने मोजणं.

कोड्याचा सिनेमा असेल तर न्याय कसा करायचा?

कोड्याच्या प्रकारात प्रेक्षक आणि कथाकार यांच्यात एक करार असतो. इंग्रज लेखक आणि धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. त्यांतले काही आजही कामाचे आहेत. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा. डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही दिसायला हवा. त्याने निव्वळ योगायोगाने प्रकरण सोडवू नये. आधी सुगावा न देता जुळा भाऊ आणून उभा करू नये.

म्हणजे खरा प्रश्न 'मला कळलं का?' हा नाही, 'मला कळू शकलं असतं का?' हा आहे. शेवटच्या दहा मिनिटांत अचानक नवं पात्र येऊन तेच खुनी निघालं, तर ओळखणारा एकही नसेल. पण ती फसवणूक आहे. उलट सगळे धागे समोर ठेवून चारपैकी एका प्रेक्षकाने खुनी ओळखला, तर ती सिनेमाची चूक नाही, त्या प्रेक्षकाची हुशारी आहे.

याची सोपी चाचणी म्हणजे दुसऱ्यांदा पाहणं. शेवट माहीत असताना आधीची दृश्यं अधिक अर्थपूर्ण वाटली तर बांधणी पक्की. ती खोटी वाटू लागली तर धक्का उसना.

खुनी आधीच दाखवला तर मजा जाते का?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला ते माहीत नाही. स्फोट झाला की पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब प्रेक्षकाला आधीच दाखवला, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. पहिलं आश्चर्य, दुसरी उत्कंठा.

'दृश्यम' मध्ये मृत्यू कसा झाला हे प्रेक्षकाला आधीच कळतं. तरी कुटुंब सुटेल का, या प्रश्नावर सिनेमा धरून ठेवतो. मराठीत 'फास्टर फेणे' (२०१७) हे उदाहरण आहे. भा. रा. भागवतांच्या बनेशला आदित्य सरपोतदार यांनी आजच्या पुण्यात आणलं आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लावलं. त्यातला खलनायक आप्पा कोण आहे हे शेवटासाठी राखून ठेवलेलं नाही. गंमत फाफे त्याला कसा गाठतो यात आहे. हा आप्पा साकारला गिरीश कुलकर्णी यांनीच, म्हणजे 'पुणे ५२' च्या डिटेक्टिव्हने.

'मला आधीच कळलं होतं' हे कितपत खरं?

अनेकदा अर्धवट खरं. निकाल कळल्यावर 'हे तर उघडच होतं' असं वाटण्याच्या सवयीवर मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. घटनेचा शेवट सांगितलेल्या लोकांना तो शेवट आधीपासूनच जास्त शक्य वाटू लागला, असं त्यांत दिसलं.

रहस्यपटात हेच होतं. इंटरव्हलपर्यंत चार जणांवर संशय येतो. शेवटी त्यांतला एक खुनी निघतो आणि आठवणीत फक्त तोच संशय उरतो. बाकीचे तीन अंदाज पुसले जातात. खात्री करायची असेल तर इंटरव्हलला एकच नाव आणि एका ओळीत कारण लिहून ते स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं. नाव बरोबर आणि कारण चूक असेल, तर ते ओळखणं नाही, नशीब आहे.

रेटिंगची सरासरी काय लपवते?

समजा दहा जणांनी एका सिनेमाला दहापैकी सहा-सहा गुण दिले. सरासरी सहा. दुसऱ्या सिनेमाला पाच जणांनी नऊ आणि पाच जणांनी तीन दिले. सरासरी पुन्हा सहाच. पहिला सिनेमा सगळ्यांना बरा वाटला. दुसरा निम्म्यांना फार आवडला आणि निम्म्यांना अजिबात नाही. आकडा सारखा, गोष्ट पूर्ण वेगळी.

मत दुभंगणाऱ्या सिनेमांची गत अशी होते. म्हणून सरासरीपेक्षा मतांची विभागणी बघावी. आयएमडीबीवर एक ते दहापैकी कोणत्या गुणाला किती मतं पडली हे दिसतं. दोन टोकांना मतं साचली असतील, तर 'चांगला की वाईट' हा प्रश्न सोडून 'कोणाला का आवडला नाही' हे वाचणं उपयोगाचं. 'शेवट मोकळा सोडलाय' ही तक्रार एखाद्यासाठी तिकीट वाचवणारी असते, दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं कारण.

शेवट फुटला तर पाहण्यात अर्थ उरतो का?

लंडनमध्ये १९५२ मध्ये सुरू झालेल्या 'द माउसट्रॅप' या नाटकात खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. दुसरीकडे, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये शेवट आधी सांगून कथा वाचायला दिल्या, तेव्हा वाचकांना त्या कमी नाही, उलट थोड्या जास्त आवडल्या. त्यांत रहस्यकथाही होत्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्ष निघाले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आणि त्यावरून आलेला हिंदी 'मेरा साया' (१९६६) मात्र रहस्य माहीत असलेले लोकही पुन्हा पाहतात.

पडद्यावरचा डिटेक्टिव्ह किती खरा?

भारतात खासगी डिटेक्टिव्हला पोलिसांचे अधिकार नाहीत. तो कोणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही, चौकशीला बोलावू शकत नाही. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. २००५ चा कायदा आहे तो सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी.

दुसऱ्याचे कॉल रेकॉर्ड परस्पर मिळवणं गुन्हा आहे. अशाच प्रकरणात ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये काही खासगी डिटेक्टिव्हना अटक केली होती. त्यामुळे सिनेमातला नायक एका फोनवर कोणाचंही कॉल रेकॉर्ड मागवत असेल आणि त्याची किंमत कथेत कुठेच मोजत नसेल, तर ती पटकथेची पळवाट आहे. कॅमेरा घेऊन तासन्‌तास ताटकळणारा अमर आपटे त्या मानाने वास्तवाच्या जवळ आहे.

मग तिकीट काढायचं की नाही, कसं ठरवायचं?

अमरावतीची बस धरण्याआधी, किंवा फोनवर दोन तास देण्याआधी, चार गोष्टी तपासता येतात.

- ट्रेलर कोडं विचारतोय की माणूस दाखवतोय? 'खुनी कोण' हे वाक्य नसेल तर त्याची वाट पाहू नये.
- समीक्षेतली तक्रार फसवणुकीची आहे की अपेक्षाभंगाची? 'पुरावा लपवला' आणि 'मला वाटलं तसा नव्हता' या वेगळ्या गोष्टी आहेत.
- मतं एका जागी आहेत की दोन टोकांना?
- पाहिल्यानंतर पात्रं आठवतात की फक्त शेवट?

मराठीत खासगी डिटेक्टिव्हला केंद्रस्थानी ठेवणारे सिनेमे मोजकेच आहेत. निखिल महाजन यांना पुढे 'गोदावरी' साठी ६९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. 'पुणे ५२' सर्वांना आवडायलाच हवा असं नाही. संथ वाटणं हेही मतच आहे. पण पहिल्या आठवड्यात प्रेक्षक आला नाही की शो कमी होतात, आणि तालुक्याच्या गावापर्यंत सिनेमाऐवजी फक्त त्याचं रेटिंग पोचतं. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'मले तं पयलेच समजलं होतं' म्हणालं, तर एकच उलटा प्रश्न पुरेसा आहे : सिनेमाने ते लपवायचं ठरवलं होतं का?