‘थांब’च्या पुढचं चित्र

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मध्येच मिक्सरचा आवाज आला असेल. रेकॉर्डिंग घरीच करतो, आणि रविवारी सकाळी आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी होतेच. वाचताना तेवढी तरी सुटका. बाकी जे बोललो तेच इथे थोडं नीट करून लिहितोय.

आजचा विषय माझ्या नेहमीच्या विषयांतला नाही. मी बीटेक केलेला माणूस, कोड लिहून पोट भरतो. थेरपिस्ट नाही, डॉक्टर तर नाहीच. पण माझ्या ताईच्या मुलाला ऑटिझम आहे. तो सहा वर्षांचा आहे. शब्द मोजके बोलतो, माझ्या फोनचा पॅटर्न मात्र त्याला पाठ आहे. गेलं दीड वर्ष मी त्याच्यासाठी चित्रं बनवतोय. त्यात काय चुकलो आणि काय कळलं, ते सांगतो. त्याचं नाव आणि फोटो टाकणार नाही. ताईची तशी अट आहे आणि मला ती पटते.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द ऐकायला छान आहे, पण दिशाभूल करतो. मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला दुसऱ्याचं काही पडलेलं नाही, असं वाटतं त्यातून. आमच्या पठ्ठ्याला पडलेलं असतं, खूप पडलेलं असतं. समोरच्याशी नेमकं काय करायचं, तेच कळत नाही. म्हणून मी ऑटिझमच म्हणतो.

तर सुरुवात झाली सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या बागेतून, घसरगुंडीपासून. हा शिडीपाशी जायचा आणि पुढच्या मुलाला ढकलायचा. रागाने नाही. पुढचा हलला की आपल्याला जागा मिळते, इतका साधा हिशोब. एकदा एक छोटी मुलगी पडली, गुडघा फुटला. त्या संध्याकाळी दोन-तीन आया ताईला म्हणाल्या, ‘तुम्ही याला सगळे गेल्यावर आणत जा ना.’ ताई घरी आली आणि काही न बोलता भाजी निवडत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला रात्री आठला, रिकाम्या बागेत नेऊ लागली.

मला वाटलं, हा तर सोडवता येण्यासारखा प्रॉब्लेम आहे. शनिवार-रविवार बसून मी फोनवर एक छोटं ॲप बनवलं. इंटरनेटवरून आयकॉन घेतले: ओळीत उभी मुलं, लाल हाताचा ‘थांब’, हसरा चेहरा. ‘ओळीत उभा राहा, थांब, शाब्बास.’ आठवडाभर घरी दाखवलं. मग दिवसाउजेडी बागेत घेऊन गेलो.

तो थांबला! खरंच थांबला. शिडीपाशी उभा राहिला. पुढचा मुलगा घसरून गेला, तरी हा उभाच. मागची मुलं ‘अरे चढ ना’ ओरडायला लागली, एक जण बाजूने घुसून चढला. हा उभा, आणि डोळ्यांत पाणी. मी ‘थांब’ दाखवलं होतं. ‘आता तू चढ’ हे चित्र मी काढलंच नव्हतं. कोडिंग करणाऱ्यांना कळेल: लूप लिहिला आणि त्यातून बाहेर पडायची अट लिहायला विसरलो. फक्त इथे प्रोग्राम हँग झाला नाही, एक पोरगं रडलं.

दुसरी चूक ताईच्या ओळखीतल्या एका थेरपिस्टबाईंनी दाखवली. चित्रातली मुलं गोरी, सोनेरी केसांची. घसरगुंडी कुठली तरी भलतीच, पिवळ्या प्लास्टिकची. त्या म्हणाल्या, ‘त्याला हे कसं कळणार की हे त्याच्याबद्दल आहे? त्याच घसरगुंडीचे फोटो काढा.’ मग मी काढले. गंज लागलेली शिडी, पुढे शेजारचा मुलगा, मग रिकामी शिडी, मग वर चढणारा तो स्वतः. चार फोटो, डावीकडून उजवीकडे. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: रिकामी शिडी म्हणजे माझी पाळी. शेजाऱ्यांच्या मुलाला फोटोसाठी एक कुल्फी द्यावी लागली.

आता चित्रच का? असं बघा. तुम्हाला कुणी फोनवर पत्ता भरभर सांगितला, तर तुम्ही काय म्हणता? ‘व्हॉट्सॲप कर.’ बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं समोर राहतं, दहा वेळा बघता येतं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना बोललेल्यातून अर्थ काढायला वेळ लागतो, आणि तोवर आपण पुढची तीन वाक्यं बोलून मोकळे झालेलो असतो. चित्र थांबून राहतं. शिवाय ते प्रत्येक वेळी तेच सांगतं. त्याचा आवाज चढत नाही, चेहरा वैतागत नाही. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. १९९५ साली त्यांनी ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ हे पुस्तक लिहिलं, त्यावरून ‘ही सगळी मुलं चित्रांत विचार करतात’ असा समज पसरला. पुढे त्यांनीच सांगितलं की सगळ्यांचं तसं नसतं. काही मुलांना फोटोसुद्धा कळत नाही, त्यांच्या हातात खरी वस्तूच द्यावी लागते: बाहेर जायचंय तर चप्पल, जेवायचंय तर ताटली.

आणि चित्रांचा क्रम साधाच हवा. आपण अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेलेलो असतो, जातककथा भिंतीवर बघितलेल्या असतात. तिथे प्रसंग नेहमी एकामागून एक रांगेने येत नाहीत. एकाच जागी घडलेले प्रसंग जवळजवळ रंगवलेले असतात, मग कथेत ते पुढचे का मागचे असेनात. कलाकृती म्हणून जबरदस्त. आमच्या घसरगुंडीसाठी निरुपयोगी.

इथवर मी एकाच दिशेने विचार करत होतो: आपण चित्र दाखवायचं, त्याने वागायचं. उलटी दिशा मला ‘पेक्स’बद्दल वाचल्यावर कळली. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये ही पद्धत सुरू केली. पूर्ण नाव ‘पिक्चर एक्स्चेंज कम्युनिकेशन सिस्टिम’, म्हणजे चित्र द्या आणि वस्तू घ्या. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एक समोर बसतो, त्याच्या हातात मुलाची आवडती गोष्ट, समजा चिक्की. दुसरा मुलाच्या मागे बसतो. मूल चिक्कीकडे हात करतं, तेव्हा मागचा माणूस त्याचा हात धरून चिक्कीचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला लावतो. समोरचा लगेच चिक्की देतो. मागच्याने हळूहळू मदत कमी करायची. आणि या टप्प्यात ‘काय हवं? बोल ना, सांग ना’ असं अजिबात विचारायचं नाही. कारण विचारल्यावरच बोलायची सवय लागली, तर मूल आपण विचारण्याची वाट बघत बसतं. सुरुवात त्याने करायची.

पुढच्या टप्प्यांत कार्ड घेऊन दुसऱ्या खोलीतल्या माणसापर्यंत जायचं, दोन कार्डांतून निवडायचं, मग पट्टीवर ‘मला हवंय’ आणि ‘चिक्की’ जोडून वाक्य करायचं. एकूण सहा टप्पे आहेत, शेवटच्यात मूल नुसतं मागत नाही, काय दिसतंय तेही सांगतं. मला विचाराल तर सगळा गाभा पहिल्यात आहे. कार्ड भिंतीला दाखवून चालत नाही, ते माणसाच्या हातात द्यावं लागतं. म्हणजे माणसापर्यंत जावं लागतं. सोशल स्किल, सोशल स्किल म्हणतात ते अजून वेगळं काय असतं?

यावर घरातून हमखास येणारा प्रश्न: ‘चित्रांची सवय लागली की तो बोलणारच नाही.’ आमच्याकडे आजीने विचारला होता. भीती खरी आहे, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात भक्कम पुरावा असलेली २७ उदाहरणं तपासली होती. चित्रं, खुणा, यंत्रं वापरून एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. थोडंफार हं, चमत्कार नाही. आमचा पठ्ठ्या कार्ड देताना आता ‘चिक’ म्हणतो.

माझ्या ॲपचं काय झालं? बंद केलं. आधीच चांगलं बनलेलं होतं, मला माहीत नव्हतं इतकंच. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्राध्यापक रवी पूवैया यांच्या गटाने ‘जेलो’ बनवलंय. फुकट आहे, मराठीत बोलतं, आणि त्यातलं खाणंपिणं आणि सण आपल्याकडचे आहेत. चित्रांच्या बाजूला ‘आवडतं-नावडतं, हवं-नको, जास्त-कमी’ अशी बटणं आहेत, म्हणजे नुसतं ‘पोळी’ नाही, ‘पोळी नको’ही म्हणता येतं. त्याच्या आधीचं चेन्नईच्या अजित नारायणन यांचं ‘आवाज’. त्यासाठी त्यांना २०११ साली एमआयटीच्या मासिकाने पस्तीस तरुण संशोधकांच्या यादीत घेतलं होतं. तरीही आम्ही घरात कागदी कार्डंच जास्त वापरतो. फोन हातात आला की आमचा माणूस थेट यूट्यूबवर जातो. औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणतो, मागे वेल्क्रो लावतो.

‘नको’चं कार्ड मात्र मी पहिल्या खेपेला बनवलंच नव्हतं. माझ्या यादीत ‘नमस्कार कर’, ‘हाय म्हण’, ‘शेअर कर’, ‘शांत बस’ होतं. म्हणजे आम्हाला सोयीचं सगळं होतं. त्याला सोयीचं काहीच नव्हतं. डेमियन मिल्टन हे ऑटिस्टिक अभ्यासक २०१२ सालापासून हेच मांडतायत: गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, आणि दुरुस्त व्हायचं काम मात्र एकाच बाजूला दिलं जातं. हे वाचून मी यादी परत केली. ‘नको’, ‘आवाज जास्त आहे’, ‘बाहेर जायचं’, ‘मदत’.

त्याची परीक्षा गेल्या लग्नसराईत झाली. नात्यातलं लग्न, बीड बायपासजवळचं मंगल कार्यालय, बाहेर बँड, आत डीजे. येणारा प्रत्येक जण याचे गाल ओढतोय. एका काकांनी म्हटलं, ‘पाया पड बेटा.’ याने कमरेच्या पाऊचमधून कार्ड काढून काकांच्या हातात दिलं. ‘नको.’ लाल फुलीवाला मोठा ‘नको’, चारचौघांत. काकांचा चेहरा पडला. आजी ‘अहो, त्याला कळत नाही हो’ म्हणून सावरायला गेली. आणि ताई म्हणाली, ‘कळतं त्याला. त्याने सांगितलं ना.’ मग ‘बाहेर’चं कार्ड बघून त्याला घेऊन पार्किंगमध्ये गेली.

आता इथे मी तिच्या बाजूने आहे, पण काकांचंही समजू शकतो. त्यांना वाईट वाटलं. घरी आल्यावर यावर बरीच वादावादी झाली. आमच्या बाबांचं म्हणणं, चित्रं मोठ्यांचा मान ठेवायला शिकवण्यासाठी होती. माझं म्हणणं, ढकलणारा, चावणारा मुलगा शांतपणे कार्ड देऊन नाही म्हणतोय, आणि आपण ते मानलं नाही, तर उद्या तो पुन्हा ढकलेल. कार्ड देऊनही उपयोग होत नसेल तर त्याने ते का द्यावं? शेवटी तोडगा निघाला. ‘लांबून नमस्कार’ असं एक कार्ड आलं, त्यावर त्याचाच हात जोडलेला फोटो. ते तो कधी देतो, कधी नाही.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी कॅरल ग्रे यांच्या ‘सोशल स्टोरीज’बद्दल जरूर वाचा. मिशिगनमधल्या शिक्षिका, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी छोट्या गोष्टींची ही पद्धत आणली. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: एक वाक्य ‘असं कर’ सांगणारं असेल, तर किमान दोन वाक्यं नुसती परिस्थिती समजावणारी हवीत. आणि निम्म्या गोष्टी मूल जे आधीच छान करतं त्याबद्दल हव्यात. १९९४ साली त्यांनीच काड्यांची माणसं काढून गप्पा मारायची पद्धत आणली. एक फुगा बोलण्याचा, एक फुगा मनातल्याचा. पडलेल्या मुलीच्या डोक्यावर ‘मला लागलं’ असा ढग काढला, तेव्हा आमचा माणूस त्या ढगावर बराच वेळ बोट ठेवून बसला होता. त्याला नेमकं काय कळलं, मी सांगू शकत नाही.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. इंग्लंडमधल्या शाळांत सुमारे अडीचशे मुलांवर सोशल स्टोरीजची मोठी चाचणी झाली. एकूण सामाजिक वागण्यात ठळक फरक दिसला नाही. पण प्रत्येक मुलासाठी ठरवलेलं एकेक छोटं ध्येय जास्त वेळा गाठलं गेलं. आमचा अनुभव तसाच. घसरगुंडीची ओळ जमते. रिक्षाच्या स्टँडवरची ओळ जमत नाही, तिचे फोटो वेगळे काढावे लागतात.

आणि हे सगळं तपासणीच्या जागी नाही. मुलाबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी तपासणी केंद्रं ठेवलेली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. आपल्या शहरात अंबिका टाकळकर यांचं ‘आरंभ’ आहे. त्या स्वतः अशा मुलाच्या आई आहेत. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्तींनी २००१ साली सुरू केलेली ‘उम्मीद’ आहे.

सध्या आमच्याकडे केस कापण्याची तयारी चाललीय. मी काल सलूनमध्ये जाऊन खुर्ची, कापड, मशीन आणि आरसा यांचे फोटो काढले. मशीन चालू असतानाचा आवाजही रेकॉर्ड केला, तो रोज थोडा थोडा ऐकवायचा आहे. सलूनवाल्या दादांनी विचारलं, शेवटचा फोटो कशाचा? मी म्हटलं, दाराचा, बाहेर पडतानाचा. यावेळी विसरलो नाही.