बांगड्याचा वाटा

"काल सहा दिलेस, आज पाचच?" मावशी पाटीतला बांगडा उचलतात, कल्ला उघडून बघतात. लाल आहे, ताजा. "होड्या कमी आल्यात गो," म्हणत कोळीण कुरकुरते आणि शेवटी सहावा बांगडा वाट्यावर टाकते.

रत्नागिरीजवळच्या वाडीतलं हे भाड्याचं कौलारू घर. इथे चौघीजणी राहतात, सोबतीला एक ताई. चौघीही मनोरुग्णालयातून आलेल्या. मावशींचा आजार केव्हाच आटोक्यात आला होता, पण न्यायला कुणीच आलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं त्या तिथेच राहिल्या. समोर येईल ते ताट जेवायचं, दिवे मालवले की झोपायचं.

स्वयंपाकघरात आता तिरफळांवरून जुंपली आहे. धाकटी म्हणते चार पुरे, मावशींना दहा हवीत. त्या एकेक तिरफळ सोलून काळी बी बाजूला काढतात. मागच्या दारी तिसरी कुणाशी तरी बोलतेय. समोर कुणी नाही. तिचे आवाज औषधांनी कमी झालेत, थांबलेले नाहीत. तिला कुणी टोकत नाही. बोलणं संपवून ती आत येते, विळीवर बसते आणि नारळ खवायला घेते.

चार-पाच जणींनी वस्तीतल्या साध्या घरात, मदतनिसाच्या सोबतीने राहायचं, ही पद्धत चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने 2015 मध्ये 'होम अगेन' या नावाने सुरू केली. पुढे ती रत्नागिरीतही आली. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, असं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 19 सांगतं. पण बाहेर पाठवायचं तर कुठे? अशी घरं फार थोडी आहेत, याचा मला मनापासून राग येतो. बऱ्या झालेल्या बाईला घरमालक, शेजारी आणि थोडी सोबत मिळाली, तर काय घडतं, ते इथे चुलीपाशी दिसतंय.

"मावशी, रक्त तपासायला जायचंय ना आज?" ताई आठवण करते. मावशी क्लोझापिन घेतात. या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरल्या वेळी तपासणी चुकवून चालत नाही.

"मी येते बरोबर."

"कशाला? एसटी मला माहीत आहे." मावशी कनवटीची पिशवी सोडून सुटे पैसे मोजतात. मग दारातून धाकटीला बजावतात, "मी येईपर्यंत कालवणाला हात लावू नकोस. आणि डोकी माझ्यासाठी ठेव!"

"दोन ठेवीन," धाकटी आतूनच ओरडते. "बाकीची आमची!"