उन्हातली इशा

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, डॉसन सिटीच्या ४० किलोमीटर अलीकडे आम्ही डेम्पस्टर महामार्गाला लागलो. थोड्याच वेळात डांबर संपले आणि आमची घरगाडी खडीवर आली. इथून इनुविक सुमारे ७४० किलोमीटर. पहिले डिझेल मिळते ते ईगल प्लेन्सला, निम्म्या वाटेवर. म्हणून पाणी, शिधा आणि दोन स्टेपन्या बरोबर होत्या.

इथली जमीन खोलवर गोठलेली. ती वितळून रस्ता खचू नये म्हणून खडीचा जाड थर टाकलेला आहे. त्याच धारदार खडीने दुसऱ्या दिवशी आमचे चाक फाडले. फोनला रेंज नाही, जॅक बसेना, मुले घाबरलेली. अर्ध्या तासाने एक ट्रकवाला आपणहून थांबला. चाक बदलून दिले आणि चहासाठीही न थांबता निघून गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले.

पुढे आर्क्टिक वृत्त ओलांडले, पील आणि मॅकेन्झी या नद्या फेरीबोटीने पार केल्या. जूनअखेर इनुविकला सूर्य मावळतच नाही.

‘‘अब्बा, इशा उन्हातच पढायची?’’ धाकटीने विचारले.

‘‘हो बेटा, इथे घड्याळ बघून.’’

इथली छोटी मशीद २०१० साली विनिपेगला बांधून ट्रकने आणि मग नदीतून बार्जने आणली, सुमारे ४,००० किलोमीटर. तिथे दुआ मागताना आम्हाला तो ट्रकवाला आठवला. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी त्याच्यासाठीही दुआ केली.