फ्लेक्स आणि हार यांच्या मधला माणूस

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात चेहऱ्यांची जत्रा भरते. क्लासेसच्या फ्लेक्सवर पासपोर्ट फोटोंच्या रांगा, फोटोखाली नाव आणि नावाखाली, नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, गुण. नांदेडमध्येही वेगळं काही नसतं. दुसऱ्या प्रकारचं व्यक्तिचित्र गावाकडे, पुढच्या खोलीच्या भिंतीवर सापडतं. मतदान कार्डावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला चेहरा कापून स्टुडिओवाल्यानं मोठा केलेला असतो. मागे निळा पडदा, अंगात त्या माणसानं जन्मात न घातलेला कोट आणि वरून चंदनाच्या सालींचा हार. एका चित्रात माणसाच्या जागी आकडा आहे, दुसऱ्यात माणूसच उरलेला नाही. या दोन्हींच्या मधे जो जिवंत आहे, ज्याचा जीव कशात लागत नाही, जो रात्री दोनला उठून अंगणात येरझाऱ्या घालतो, त्याचं चित्र आपल्याकडे निघत नाही. ते निघायला हवं आणि ते नुसत्या चेहऱ्याचं नको, त्याच्या गोष्टीचं हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

गोष्ट सांगितलीच जात नाही असं नाही. सरकार ती सांगतं, पण माणूस गेल्यावर. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत 1,088 शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यात नांदेडच्या 175 आणि लातूरच्या 72 होत्या. अशा प्रत्येक मृत्यूची फाइल जिल्हा समितीपुढे जाते. सातबाऱ्यावर नाव आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ही फाइल म्हणजेही एक कथनात्मक व्यक्तिचित्र आहे, फक्त तिच्यात झोपेचा, भीतीचा, बोलणं बंद होण्याचा रकाना नाही. शेतात आयुष्य काढलेल्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला तर या चित्रात शिरायलाच अवघड. जिवंतपणी विचारणा करायची सोय 2015 च्या प्रेरणा प्रकल्पानं केली. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत आशाताई घरोघरी जाऊन मनाचे प्रश्न विचारू लागल्या. ते काम मोलाचं आहे, पण प्रश्नावलीतून निघतो तो गुणांक. फ्लेक्सवर एक आकडा, इथं दुसरा.

चित्रकारानं मग काय काढायचं? चेहरा, हे सहज सुचणारं उत्तर घातक आहे आणि त्याला दोनशे वर्षांचा पुरावा आहे. फ्रेंच चित्रकार थिओडोर जेरिको यानं 1820 च्या आसपास मनोरुग्णांची दहा व्यक्तिचित्रं रंगवली, असं म्हणतात. ती मनोविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर जॉर्जे यांच्यासाठी काढली असं परंपरेनं मानलं जातं. त्यांपैकी पाच आज उपलब्ध आहेत. एकात पांढऱ्या टोपीतली म्हातारी आहे, डोळ्यांच्या कडा लालसर, नजर बाजूला वळलेली. दुसऱ्यात स्वतःला सेनापती समजणारा एक वृद्ध, गळ्यात दोरीला बांधलेला बिल्ला. तोवर वेड म्हणजे साखळदंड आणि आरडाओरडा असंच चित्र असे. जेरिकोनं या लोकांना सरदार-सावकारांच्या तोलानं, शांतपणे समोर बसवलं, हे त्याचं मोठेपण. पण चित्रांची शीर्षकं पाहा: मत्सराचा रोगी, जुगाराचा रोगी, चोरीचा रोगी. पाचांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. आजार चेहऱ्यावर वाचता येतो ही त्या काळच्या वैद्यकाची समजूत होती. ती खोटी ठरली, तरी सिनेमातल्या विस्कटलेल्या केसांच्या 'वेडी'त ती अजून तग धरून आहे.

वेगळी वाट दाखवणारा चित्रकार आपल्याच भाषेतला आहे. सुधीर पटवर्धन यांचा जन्म पुण्यातला, 1949 चा. त्यांनी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) वैद्यकाची पदवी घेतली आणि 2005 पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं. दिवसभर माणसाच्या आतलं पाहणारा हा डॉक्टर कॅनव्हाससमोर मात्र माणसाला बाहेरच्या गोष्टींसकट पाहतो. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'लोअर परळ' या चित्रांत टेबल, डबा, पूल आणि गिरणीचा परिसर माणसाइतकेच बोलतात. त्यांचा विषय मनोविकार नव्हे, कष्टकऱ्यांचं शहर हा आहे. पद्धत मात्र उसनी घेण्याजोगी आहे: निदान रंगवायचं नाही, माणूस ज्यात अडकला आहे ते रंगवायचं. ती आपल्याकडे लावून पाहू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वरची जड माळवदं झोपलेल्यांवर आली. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून सांभाळलं त्याच घराची नंतर धास्ती बसली. ही धास्ती नुसत्या चेहऱ्यात कशी दाखवणार? ती पक्क्या घराबाहेर टाकलेल्या बाजेत दिसेल. ट्यूशन एरियातल्या पोराचं दडपण कॉट, टेबल आणि भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक एवढ्याच खोलीत दिसेल. भानामती झाली म्हणून देवऋषाकडे नेलेल्या सुनेचं दुःख तिच्याभोवती कोण उभं आहे आणि कोण नाही यात दिसेल. मराठी सिनेमानं 'देवराई', 'अस्तु', 'कासव' यांतून हे बरंचसं साधलं. चित्रकला मागे राहिली आहे.

आक्षेप दोन मोठे आहेत. पहिला शेतकरी चळवळीच्या बाजूनं येईल: भाव मिळत नाही, बोअर आटलं, विमा बुडाला, आणि तुम्ही त्याला मनाचा आजार म्हणून मोकळे होता! आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नुसता उदास चेहरा नको. पासबुक, जळालेली मोटार, सोसायटीची नोटीस चित्रात आली तर कारणं झाकली जात नाहीत, उलट चौकटीत येतात. चित्रकार चित्तप्रसाद यांनी 1943 च्या बंगालमधल्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून भुकेल्यांची चित्रं काढली आणि सोबत त्यांची हकिगत लिहिली. 'हंग्री बंगाल' ही ती पुस्तिका ब्रिटिश सरकारनं जप्त करून जाळली. ती चित्रं व्यवस्थेला सोडून देत असती, तर जाळायची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. तो टाळून चालणार नाही. चित्तप्रसादांनी नावागावासकट लिहिलं, पण मनाच्या आजाराचं तसं करता येत नाही. मुलीचं लग्न अडतं, गावात कुजबुज सुरू होते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार घेणाऱ्याचा फोटोच नव्हे तर त्याच्याविषयीची कोणतीही माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई करतो. चित्रकारानं हे बंधन कायद्यापुरतं पाळू नये. चेहरा दाखवायचा की पाठमोरं बसायचं, नाव कोणतं लावायचं, कोणती वस्तू चित्रात हवी, हे समोरच्यानं ठरवावं, आणि चित्र पुरं झाल्यावर नको वाटलं तर त्याला नाही म्हणता यावं. खरं तर इथंच ते जेरिकोच्या चित्राहून वेगळं होईल. आत्महत्येचा मार्ग दाखवायचा नाही, ही अट वेगळी सांगायला नको.

आधी डॉक्टर आणा, चित्रं कसली काढता, असंही कुणी म्हणेल. डॉक्टर हवेतच. राज्यात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं उभी राहिली, मराठवाड्याच्या वाट्याला बराच काळ एकही नव्हतं. पण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. हे अंतर केवळ खाटांच्या कमतरतेमुळे पडलेलं नाही. आपल्याला होतंय त्याला दवाखान्यात नेतात, हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहील याची लाज असते. आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाची गोष्ट भिंतीवर दिसली, तर ती पायरी थोडी खाली येते.

पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं होतं. नांदेड-लातूरच्या तरुण चित्रकारांनी अशा गोष्टींची चित्रं काढायचं काम हाती घेतलं, तर पहिलं प्रदर्शन गॅलरीत भरवू नये. मोंढ्यात, बसस्थानकावर किंवा ट्यूशन एरियात, जिथं निकालाचे फ्लेक्स लागतात त्याच लोखंडी सांगाड्यांवर ही चित्रं लावावीत. आणि प्रत्येक चित्राखाली, गुण छापतात त्या जागी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक असावा: 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.