पोट सतत फुगते? श्वासातून कळू शकते कारण

जेवल्यावर पोट फुगणे, गुरगुरणे, वारंवार जुलाब होणे. अशा वेळी 'गॅस झाला' म्हणून ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. पण दुखणे वेगळे असू शकते.

नेमके काय होते?
लहान आतड्यात जिवाणू कमी असतात. ते वाढले की अन्न तिथेच आंबते. हायड्रोजन, मिथेन वायू तयार होतात. ब-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते. ॲसिडिटीच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास हा धोका वाढतो.

चाचणी कशी?
ग्लुकोज किंवा लॅक्टुलोजचे पाणी पाजून दोन-तीन तास ठराविक वेळाने श्वास तपासतात. ९० मिनिटांत हायड्रोजन २० पीपीएमने वाढल्यास चाचणी पॉझिटिव्ह धरतात. मात्र लॅक्टुलोज मोठ्या आतड्यात लवकर पोहोचल्यास निकाल फसवा येतो.

निघण्यापूर्वी
शहापूरकरांना आसनगावहून लोकलने, मुरबाडकरांना एसटीने शहर गाठावे लागते. फेरी फुकट जाऊ नये म्हणून तारीख घेतानाच तयारी विचारा. साधारणपणे आधीचे चार आठवडे अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी डाळी-कडधान्ये टाळावीत आणि ८ ते १२ तास उपाशी राहावे. मधुमेहींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर थांबू नका. जवळचे सरकारी रुग्णालय गाठा.